मुखत्याराचं नाव

कळसाडी,
११ नोव्हेंबर २०२५

हेमकांत,

वर आशीर्वाद लिहिला होता, मग खोडला. तू घेशील की नाही ते माहीत नाही म्हणून. आता खोडलेला दिसतोच आहे, तर धरून घे.

कामाचं लिहितो. सोबत छापील कागद आहे, त्याला संमतीपत्र म्हणतात. शेवटच्या पानावर पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही करायची आणि आधार कार्डाची झेरॉक्स जोडायची. सही नोटरीसमोर झाली पाहिजे असं वकील म्हणतात. धडगावला नोटरी असतो का? नसला तर तळोद्याला असेल. तू मास्तर होतास, तुला हे कळतं. मी सातवीत दोनदा नापास झालेला माणूस, एक ओळ तीनदा वाचतो आणि तिसऱ्या वेळी ती निराळीच वाटते.

आई श्रावणात ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, धुळ्याला ऑपरेशन केलं. आता धरून चार पावलं टाकते. तुला कळवलं नाही. त्याचं कारण नंतर लिहीन, किंवा नाही लिहिणार.

वडील गेल्यापासून सगळं आईच्या नावावर आहे आणि आता सरकारला प्रत्येक गोष्टीला तिचाच अंगठा पाहिजे. शेतकरी ओळखपत्र, रेशनचं केवायसी, बँकेचं केवायसी, उसाची नोंद. दर वेळी तिला खुर्चीसकट गाडीत चढवायचं. तिथे गेल्यावर मशीनवर अंगठा उमटत नाही, कापूस वेचून रेषा गेल्या आहेत. ओल्या फडक्याने पुसा, परत लावा, परत पुसा. परवा तिने बँकेतल्या मुलीला विचारलं, "बाई, हाऊ अंगठा आठेच ठेवी जाऊ का?" अंगठा तिथेच ठेवून जायचं ऐकून सगळी बँक हसली. मला हसू आलं नाही, कारण तिला परत खुर्चीत उचलायची होती आणि माझी कंबर धरली होती.

म्हणून वकील म्हणाले मुखत्यारपत्र करा, म्हणजे तिच्या जागी तुमची सही चालेल. ते झालं नाही. का झालं नाही ते लांबडं आहे. थोडक्यात, आईला आता काही आठवत नाही. डॉक्टरांचा दाखला आहे. त्यामुळे मोठ्या कोर्टात अर्ज करून मला तिचा पालक नेमून घ्यायचं आहे. मी एकाहत्तर वर्षांचा आणि नव्वद वर्षांच्या आईचा पालक. हे वाक्य मी वकिलांना परत म्हणायला लावलं.

दोन मुलगे म्हणून दोघांची संमती लागते. कोर्टाच्या हिशेबात तू अजून या घरचाच आहेस. वडिलांनी चौतीस वर्षांपूर्वी, तू लग्न करून आलास तेव्हा, तुला आणि फुलवंताबाईंना दारातून परत पाठवलं, हे कोर्टाला माहीत नाही. त्या वेळी मी बैल सोडायला गोठ्यात गेलो होतो, म्हणून मध्ये पडता आलं नाही. हे तुला मागेच सांगायचं होतं.

फोनवर मी गोंधळतो आणि तू नुसतं "हं" म्हणतोस, म्हणून लिहिलं. जामसिंगच्या जीपमध्ये देतो, तो तुमच्या गावावरूनच जातो. कागद फार वाचत बसू नकोस. सही कर.

तुझा,
बापू


कळसाडी,
२३ नोव्हेंबर

हेमकांत,

जामसिंग परत आला तेव्हा मी स्टँडवरच उभा होतो. म्हटलं, आण कागद. तो म्हणतो, "कागद मास्तरनी ठेवी लिना. सही नही करी. चहा मात्र पाजा." आणि माझ्याच पत्राच्या पाठीमागे तुझी एक ओळ. "आईला नेमकं काय विचारलं आणि ती काय म्हणाली, जसंच्या तसं लिही."

इतक्या वर्षांनी एक ओळ, आणि ती पण पोलिसासारखी. राग आला. पण सही तुझी पाहिजे, म्हणून लिहितो.

आधी तालुक्याला रजिस्टरच्या ऑफिसात गेलो. मी, आई, माझा भूपेंद्र आणि वकील. भूपेंद्रने मला गाडीतच सांगितलं होतं, "बाबा, तुम्ही तठे काही बोलू नका. वकील बोली लेई." साहेब नवा आहे, कोकणाकडचा कुठला तरी, तरुण. माणूस वाईट नाही. त्याने आईसाठी पंखा वळवला. म्हणाला, आजींच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही, कायदा तसा आहे.

मग विचारलं, "आजी, हे शेजारी कोण बसलेत?"

"मन्हा आंडोर."

साहेबाला आंडोर कळेना. कारकून म्हणाला, मुलगा साहेब, मुलगा.

"त्यांचं नाव काय?"

"बापू."

"बापू झालं, पण पूर्ण नाव? कागदावर ज्यांना अधिकार देताय त्यांचं नाव तुम्ही सांगायला हवं."

आई गप्प.

"बरं, तुमच्या पतीचं नाव?"

आईने पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे पाहिलं. साहेबाने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मोठ्याने विचारलं, त्याला वाटलं ऐकू येत नाही. ती गप्पच. मग त्याने कागद वकिलांकडे सरकवला. म्हणाला, आजींना समजतंय असा डॉक्टरांचा दाखला आणा, मग बघू.

वकिलांच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? आई म्हणाली, "तुले माहीत नही का?" डॉक्टरांनी लिहिलं. शंभरातून सात वजा केले तर किती? आई म्हणाली, "काबर?" का ते न सांगता त्यांनी तेही लिहिलं. मग नवऱ्याचं नाव, मुलाचं नाव. परत पदर. त्यांनी लिहिलं, "जवळच्या नातलगांची नावे सांगता येत नाहीत." खाली इंग्रजीत एक ओळ आणि सही.

वकील म्हणाले, बापू, हे तर अधिक बरं झालं. मुखत्यारपत्र आई केव्हाही मोडू शकते. कोर्टाने पालक नेमला की मग सगळंच तुमच्याकडे.

जसंच्या तसं लिहिलं. आता सही कर.

बापू


कळसाडी,
१ डिसेंबर

हेमकांत,

आता तुझं विचारणं असं, "ती विसरली, की तिने नाव घेतलं नाही?"

तू इथे नाहीस, तुला लिहायला काय जातं. आईजवळ मी असतो. मला रोज दिसतं. मी आठवडाभर तिच्याकडे नीट लक्ष ठेवून आहे आणि माझा गोंधळ वाढलाच आहे.

सोमवारी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. संध्याकाळी काजल, म्हणजे भूपेंद्रची बायको, म्हणाली, दुसऱ्यांदा मी घातलं. खोडलं. मंगळवारी आईने गाईला चंद्री म्हणून हाक मारली. चंद्री मरून वीस वर्षं झाली. मी लिहिलं. मग ती म्हणाली, "चंद्रीनी ह्या नातले पन तसाच शिंगडा शेतस." आता हे कोणत्या बाजूला लिहायचं?

बुधवारी मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, माय, सडकेचं वावर किती? ती म्हणाली, "तीन एकर अकरा गुंठा, आन बांधना आठ निंब. एक निंब तू तोडा व्हता माले न विचारता, तो धरीसन नऊ." मी उठून बाहेर गेलो.

आणि माझंच असं झालंय की चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधतो. कारखान्यात नोंद करताना मी स्वतःचा मोबाईल नंबर चुकीचा सांगितला. मग दाखला कोणाचा काढायला पाहिजे होता?

आता सडकेचं वावर निघालंच आहे तर लिहून टाकतो. मागच्या पत्रांत लिहिलं नव्हतं. भूपेंद्रला तिथे पेट्रोल पंप टाकायचा आहे. मोठी सडक झाल्यापासून त्याच्या डोक्यात तेच. कागद मागतात, जागेवर अधिकार कोणाचा ते विचारतात. आई साऱ्या गावासमोर म्हणत आली की सडकेचं वावर हेमूचं. तिला पंपाचं विचारलं तर ती म्हणते, हेमूले इचार. भूपेंद्र चिडतो, "काका चौतीस वरीसमा एकदा तरी ऊना का?" तू वडिलांच्या दहाव्याला आला होतास, नदीवर लांब उभा राहिलास आणि गेलास, हे मी त्याला सांगितलं नाही.

पोरगा वाईट नाही. त्याच्या ताब्यात काही नाही, सगळं आजीच्या अंगठ्यात आहे, आणि चाळिशी आली त्याची. मी कोणाच्या बाजूने आहे हे मला कोणी विचारलं नाही, नाहीतर मलाही कळलं असतं.

सहीचं अजून बघ.

बापू


कळसाडी,
९ डिसेंबर

हेमकांत,

तुझं उत्तर आलं नाही. जामसिंगला विचारलं, तो म्हणाला, मास्तर काही बोलना नही, पत्र दोन डाव वाचं आन खिसामा टाकं.

तू खिशात टाकलंस म्हणून मला झोप नाही. तर ऐक.

ती विसरली नाही. तिने नाव घेतलं नाही.

हे मला त्या ऑफिसात बसल्या बसल्या माहीत होतं. आपल्या घरात कोणाला माहीत नाही? नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नाही, सासऱ्याचं तर मुळीच नाही. आणि मला सासऱ्याचंच नाव लागलेलं. आजोबा चुडामण गेले आणि त्याच वर्षी मी झालो, म्हणून मी चुडामण. आई ते नाव कधी उच्चारणार नाही म्हणून मी बापू. शाळेत घालताना मास्तरांनी नाव विचारलं तर तिने शेजारणीला पुढे केलं होतं, मला आठवतं, पायरीवर उभी राहून. तुझं तसं नव्हतं. हेमू, हेम्या, हेमकांत, तुला सगळी नावं मिळाली. तुला ती गल्लीच्या टोकावरून हाक मारायची. मला मारली तरी गल्लीत चार बापू होते, चौघे वळायचे.

तो साहेब बाहेरगावचा, त्याला हे माहीत नाही. कारकून खाली मान घालून शिक्के पुसत होता, त्याला माहीत असेल. वकिलांना नक्की माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, आमच्याकडे जुन्या बाया नाव घेत नाहीत. एवढंच. आई माझ्याकडे पाहत होती, मी बोलेन म्हणून. मी टेबलावरच्या काचेखालच्या देवाच्या फोटोकडे पाहत होतो.

मला वाटलं भूपेंद्रने सांगितलंय बोलू नका. मग वाटलं वकील बोलेल. मग वाटलं, आता वेळ गेली, आता बोललो तर आधी का नाही बोललात म्हणतील. डॉक्टरांकडे परत तेच. आणि डॉक्टरांनी लिहिलं तेव्हा, हेमकांत, खरं सांगतो, मला हलकं वाटलं. वाटलं, संपलं एकदाचं खुर्चीत उचलणं. त्या अर्जात लिहिलंय की आई "विचार करण्यास व निर्णय घेण्यास असमर्थ" आहे. त्याखाली माझी सही आहे. मी तीन वेळा वाचून केली.

त्या दिवशी, तू दारात होतास तेव्हा, बैल आधीच सोडलेले होते.

आता तू काय करशील ते कर. संमतीपत्रावर सही करू नकोस असं मी म्हणू शकत नाही, कारण भूपेंद्र विचारतो आहे, आणि सही कर असंही म्हणवत नाही. अर्ज अजून वकिलाच्या टेबलावर आहे. तुझ्या कागदाशिवाय तो पुढे जात नाही, असं मला समजलं आहे. चुकीचं समजलं असेल तर कळव.

बापू


कळसाडी,
२० डिसेंबर

हेमकांत,

तू आईला वेगळं पत्र लिहिलंस. माझ्यावर विश्वास नाही ते बरोबरच आहे, पण काजलच्या नावाने पाठवायला नको होतं, ती पोर अडकली. भूपेंद्र दोन दिवस तिच्याशी बोलत नव्हता. तिने आईला पत्र वाचून दाखवलं, त्या वेळी मी ऊसतोडीवर होतो. तुझ्या पत्रात काय होतं ते काजल सांगत नाही. म्हणते, आजीला विचारा.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या पायाला तेल लावत होतो. मोडलेल्या बाजूला हात हळू लावावा लागतो.

ती म्हणाली, "माले येडी लिखी टाकं का रे तू?"

मी म्हटलं, "मी नही माय, डॉक्टरनी लिखं."

"तू कोठे व्हता?"

"तठेच व्हतू."

"मंग?"

तेल सगळं सांडलं. दुसरी वाटी आणतो म्हणून मी उठलो तर तिने धोतराचा सोगा धरला. "बठ. गोठामा जाऊ नको." म्हणजे तिला तेही माहीत होतं, इतकी वर्षं.

मग म्हणाली, "साहेबकडे ले चाल माले."

मी म्हटलं, तो नाव विचारेल. ती म्हणाली, "इचारू दे." मी म्हटलं, दोन्ही नावं विचारेल, माय. तुले जमाव नही. संध्याकाळभर ती तोंडातल्या तोंडात काही तरी म्हणत होती. मी जवळ गेलो की थांबायची.

आता मला नवीन काळजी लागली आहे. जन्मभर जे तोंडातून काढलं नाही ते माझ्या एका गप्प बसण्यापायी तिला काढावं लागणार. समोरच्या ईश्वरची आजी म्हणते, सासऱ्याचं नाव घेतलं की आयुष्य तुटतं. उगीच म्हणते, असं काही नसतं. असतं का? तू शिकलेला आहेस.

वकिलांकडे गेलो. म्हटलं, साहेबाला आधीच सांगितलं तर बोटाने दाखवून चालेल का? ते म्हणाले, चाललं असतं की, तेव्हाच. आणि वर म्हणतात, पण बापू, आता कशाला उकरता, तुमचा कोर्टाचा अर्ज तयार आहे. मी म्हटलं, तो अर्ज परत द्या. ते म्हणाले, भूपेंद्रला पाठवा. मी म्हटलं, सही माझी आहे. इतकं मोठ्याने म्हटलं की त्यांचा टायपिस्ट थांबला. अर्ज माझ्याकडे आहे आता. कुठे ठेवला ते विसरू नये म्हणून तुला लिहितो, ज्वारीच्या कोठीवर, पितळी डब्यात.

बापू


कळसाडी,
७ जानेवारी २०२६

हेमकांत,

काल जाऊन आलो. जेवढं नीट आठवतं तेवढं लिहितो, क्रम चुकेल.

गाडी भूपेंद्रनेच चालवली. मी म्हटलं दुसरी बघतो, तर म्हणाला, "आजीले मन्हा शिवाय कोन उचली?" खरंच आहे, खुर्ची तोच नीट उचलतो. तोंड मात्र फुगलेलं. आईने नवं लुगडं नेसलं होतं, हिरवं, तिला काजलने नेसवलं. वकील नव्हते.

तोच साहेब. त्याने आईला ओळखलं. आम्ही बसायच्या आतच मी उभा राहून बोललो. "साहेब, आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव घेत नाहीत. माझं नाव तिच्या सासऱ्याचं आहे. त्या दिवशी तिला सगळं समजत होतं. मी बोललो नाही."

साहेब माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "अहो बाबा, हे त्या दिवशीच सांगायचं ना. असं असतं होय." मग आईकडे वळून म्हणाला, "आजी, नाव नका घेऊ. मी नाव वाचतो, तुम्ही बोट दाखवा. चालेल मला."

मला वाटलं झालं. मी खाली बसलो.

आई म्हणाली, "नही. मी लेस."

साहेब म्हणाला, गरज नाही आजी.

"त्या दिन तू तीन डाव इचारं. आते ऐक."

तिने पदर सारखा केला, लग्नात बायका करतात तसा, आणि म्हणाली,

"वावरमा तूर, बांधवर बोर,
रतिलालनं नाव लेस, ऐका लहान-थोर."

ऑफिसातली माणसं आधी हसली. दस्त करायला आलेल्या दोन बाया होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कारकुनाने हातातला शिक्का खाली ठेवला. साहेब हसत म्हणाला, वा आजी, सुंदर. आई हसली नाही. साहेबाने माझ्याकडे बोट केलं. "आणि यांचं?"

याला उखाणा नव्हता. सासऱ्याच्या नावाला कोण उखाणा करतो?

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं, सरळ बघत होती. ओठ हलले, आवाज आला नाही. परत हलले. मग म्हणाली, "चुडामण."

तेवढंच. फार मोठ्याने नाही. एकाहत्तर वर्षं ते नाव माझ्याकडे आहे. तलाठ्याने घेतलं, पोस्टमनने घेतलं, कारखान्याच्या चिठ्ठीवर आहे. तिच्या तोंडून आलं तर मला वाटलं दुसऱ्याच कोणाचं आहे. मी "जी" म्हणालो. सगळे हसले.

साहेबाने विचारलं, "यांना तुमच्या सगळ्या कामांचा अधिकार द्यायचा?"

"नही."

मग तिने सांगितलं आणि साहेब लिहून घेत गेला. रेशन, दे. बँकेचं केवायसी, दे. शेतकरी ओळखपत्र, दे. उसाची नोंद, दे. दवाखाना, दे, पण डॉक्टर मी सांगेन तो. साहेब म्हणाला याला खास मुखत्यारपत्र म्हणतात, जेवढं लिहिलं तेवढंच. जमीन विकायचा अधिकार? "नही." भाड्याने द्यायचा? "नही." गहाण? "नही रे बाबा. वावर मन्हं शे. मी जिती शे तोवर कोनले नही." भूपेंद्र दाराशी उभा होता, तो बाहेर जाऊन गाडी पुसत बसला. पुसलेलीच होती.

मग तिने विचारलं, "सडकनं वावर लहाना आंडोरनं शे, हाई आठे लिखता ये का?" साहेब म्हणाला, त्याला मृत्युपत्र लागतं आजी, तो कागद वेगळा. करायचं का आज?

आई म्हणाली, "आज दोन नावं लिन्हात. थकी गऊ मी."

अंगठा दुसऱ्या वेळी उमटला.

येताना प्रकाशा गाव लागलं. तिथला पूल आल्यावर ती म्हणाली थांबव. भूपेंद्रने थांबवली. तिने काचेतूनच तापीकडे हात जोडले, मग कान धरले. मी विचारलं, माय, आजोबांची माफी मागतेस का? ती म्हणाली, "तुले काय करनं?"

तुझ्याकडचं संमतीपत्र फाडून टाक. सही केली असशील तरी फाड, केली नसशील तरी फाड. इकडचा अर्ज मी चुलीत घातला. डब्यात नव्हता, देवघरात सापडला.

बापू


कळसाडी,
१८ जानेवारी

हेमकांत,

आई बरी आहे. आयुष्य वगैरे काही तुटलं नाही, दोन भाकरी खाते. सर्दी झाली होती तेव्हा मी घाबरलो होतो.

तू येतो म्हणून जामसिंगजवळ निरोप दिलास तो मिळाला. तो म्हणाला संक्रांत झाल्यावर, ती झाली. भूपेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, येऊ द्या. एवढंच म्हणाला, पण बाहेरच्या खोलीतली पंपाच्या नकाशाची गुंडाळी उचलून आत नेली. ते तुला दिसू नये म्हणून, की पुढे परत काढायची आहे म्हणून, ते मला कळलं नाही. फुलवंताबाईंना घेऊन ये. मी या वेळी घरातच असेन. मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने या. ओट्याला आता कठडा केला आहे, धरायला बरं.

हे पत्र त्यासाठी नाही. मला एक विचारायचं आहे.

त्या दिवसापासून आईने मला बापू म्हणून हाक मारली नाही. एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरून ओरडली, "चुडामण, पानी लय!" गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. ईश्वरच्या आजीने तोंडावर पदर घेतला. आई परत म्हणाली, आणखी मोठ्याने. आता दिवसभर तेच. चुडामण, गाय सुटनी. चुडामण, माले उठाड. चुडामण, तुना चष्मा डोकावर शे. जणू एकाहत्तर वर्षांचं साठलेलं एकदम खर्च करते आहे.

मी काजलला विचारलं, आजी असं का करते? ती म्हणाली, आवडतं असेल तिला, तुमचंच तर नाव आहे. भूपेंद्र म्हणाला, "बाबा, आजी अजून रागमा शे. साहेबसमोर जसं लिन्हं तसंच लेस." दोघांचं बरोबर वाटतं. सकाळी एकाचं, संध्याकाळी दुसऱ्याचं.

मी लहान होतो तेव्हा फार वाटायचं की तिने एकदा तरी घ्यावं. आता घेते तर मी दचकतो. हाक आली की आधी मागे वळून बघतो, आजोबा उभे आहेत की काय. बापू म्हणायची तेव्हा मी तिचा मुलगा होतो एवढं नक्की होतं. आता तिने मला काही दिलं, की होतं ते काढून घेतलं? मी तिच्या तोंडाकडे बघतो तर ती सुपात तूर पाखडत असते, तोंडावर काहीच नसतं. विचारायची हिंमत होत नाही. विचारलं आणि तिने सांगितलं तर काय करू?

तू आल्यावर तिचं तोंड नीट बघ आणि मला बाजूला घेऊन सांग. तुला माणसं वाचता येतात. फुलवंताबाईंनाही बघायला सांग, बाईमाणसाला जास्त कळेल.

थांबवतो. ओट्यावरून हाक येते आहे, दुसरी आहे, तिसरीला ती शिवी घालते. खाली काय नाव लिहावं ते ठरलं नाही, म्हणून नुसतं,

तुझा मोठा भाऊ